मुंगूस, कोल्हा, माकड चावलं तर: रेबीजच्या लशी आणि सिरम, घेताना काय तपासावं

मुंगूस चावला की माणूस दवाखान्यात जातो, दंडात इंजेक्शन घेतो, पुढच्या तारखांचं कार्ड खिशात घालतो आणि घरी येतो. उपचार झाले असं त्याला वाटतं, पण झालेले असतात निम्मेच. वन्यप्राण्याच्या चाव्याला दोन औषधं लागतात: दंडात घ्यायची लस आणि जखमेत सोडायचं सिरम, म्हणजे विषाणूला निकामी करणाऱ्या तयार अँटिबॉडी (रोगाशी लढणारी प्रथिनं). लस प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते, मेडिकलमध्येही मिळते. घोडं पेंड खातं ते सिरमपाशी. म्हणून या आढाव्यात लशींच्या ब्रँडवर थोडं आणि सिरमवर जास्त लिहिलं आहे.

आधी कोणता प्राणी चावला, ते पाहू. कुत्र्या-मांजराच्या बाबतीत डॉक्टर जखमेची श्रेणी लावतात. नुसतं चाटलं आणि कातडी शाबूत असेल तर पहिली, रक्त न आलेला ओरखडा दुसरी, रक्त आलं किंवा लाळ डोळ्या-तोंडात गेली तर तिसरी. सिरम तिसऱ्या श्रेणीलाच देतात. एचआयव्ही, केमोथेरपी अशा कारणाने प्रतिकारशक्ती दबलेली असेल तर दुसरीलाही देतात. वन्यप्राण्यांना मात्र ही वर्गवारी लागू नाही. मुंगूस, कोल्हा, खोकड, लांडगा, तरस, रानमांजर, माकड यांतलं कुणीही चावलं तर आपल्याकडची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं ती जखम थेट तिसऱ्या श्रेणीत धरतात. केस पेपरवर नुसतं ‘प्राणी चावला’ असं लिहिलं जाऊ देऊ नका. प्राण्याचं नाव लिहायला सांगा, कारण सिरम मिळणार की नाही ते त्या एका शब्दावर ठरू शकतं.

‘दहा दिवस लक्ष ठेवा’ हा सल्लाही फक्त कुत्रा आणि मांजर यांच्यापुरता आहे. चावल्यानंतर ते दहा दिवस धडधाकट राहिले तर चावताना त्यांच्या लाळेत विषाणू नव्हता, हे त्या दोन प्राण्यांबद्दल पक्कं माहीत आहे. मुंगसाबद्दल किंवा कोल्ह्याबद्दल तसा भरवसा देता येत नाही. ‘तो मुंगूस रोज मागच्या अंगणात दिसतो, चांगला फिरतोय’ या निरीक्षणाला उपचाराच्या दृष्टीने काही किंमत नाही.

भारतात माणसाला रेबीज होतो तो बहुतांशी कुत्र्यामुळेच, हे खरं आहे. पण घराभोवतीचे वन्यप्राणी हिशेबाबाहेर ठेवता येत नाहीत. २०२४ मध्ये मुंबईत चेंबूर-ट्रॉम्बेच्या बाजूला सापडून मेलेल्या कोल्ह्यांच्या नमुन्यांत रेबीज निघाला. खाडी आणि तिवरांना लागून इमारती, कचऱ्यावर कुत्री आणि त्याच कचऱ्यावर रात्री कोल्हे, अशी ती जागा. एकमेकांना चावायला याहून सोयीची जागा कुठली? कोल्हा किंवा मुंगूस भर दिवसा माणसाला न बुजता जवळ आला, झोकांड्या खात चालला, लाकूड-दगड चावत सुटला तर संशय घ्यावाच. मात्र यातलं काही न दिसता चावलेला प्राणीही सुरक्षित धरायचा नाही.

उंदीर, खार, ससा यांच्या चाव्याला रेबीजची लस सहसा लागत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि जखमेची काळजी पुरते. वटवाघळाबाबत मतं वेगळी आहेत. भारतातल्या वटवाघळांत रेबीज निर्विवाद सिद्ध झालेला नाही, म्हणून इथली तत्त्वं लस आवश्यक मानत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना मात्र वटवाघळाशी थेट संपर्क तिसऱ्या श्रेणीत धरते. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींनी तिथल्या डॉक्टरांचं ऐकावं. अमेरिकेत घरात वटवाघूळ शिरणं ही रेबीजच्या दृष्टीने गंभीर गोष्ट आहे.

साबण आणि नळ

पहिलं औषध न्हाणीघरात असतं. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं वेष्टण असतं आणि साबण ते फोडतो. अंगाचा साबण, कपड्यांची वडी, भांड्यांचा लिक्विड, काहीही चालतं. ब्रँड बघू नका, घड्याळ बघा: वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं. बहुतेक लोक दोन मिनिटांत आटपतात. मुंगसाचा दात बारीक आणि टोकदार. जखम वरून टाचणी टोचल्यासारखी दिसते, आत खोल असते आणि कातडी लगेच मिटते. अशा जखमेवर वरवर फेस फिरवून उपयोग नाही. बोट नळाखाली धरून जखमेचे काठ हलके ताणायचे आणि धार आत जाऊ द्यायची. पिळायचं नाही, ब्लेडने मोठी करायची नाही. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावायचं. हळद, चुना, मिरची, तेल, तंबाखू यांतलं काही भरलं असेल तर ते धुऊन काढायलाच दवाखान्यात वेळ जातो, शिवाय सिरम आत सोडायची जागा खराब होते. दवाखान्यात गेल्यावरही जखम पुन्हा धुवायला सांगा. घरी धुतली होती म्हणून तिथे धुवायची नाही, असं नसतं.

टाके शक्यतो घालत नाहीत. घालावेच लागले तर आधी सिरम, मग काही तासांनी, तेही मोजके आणि सैल. चेहऱ्यावरच्या जखमेला घाईने टाके घालून घेण्याचा आग्रह नातेवाईक धरतात, तो धरू नये.

लशी: ब्रँडमध्ये फार फरक नाही

बाजारात दिसणारी नावं साधारण ही: पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची रॅबिव्हॅक्स-एस, हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सची अभयरॅब, भारत बायोटेकची इंदिरॅब, झायडसची व्हॅक्सिरॅब-एन आणि जुन्या रॅबिपूरच्या जागी आलेली चिरोरॅब. पहिल्या तिन्ही व्हेरो पेशींवर (माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या) वाढवलेल्या, शेवटच्या दोन कोंबडीच्या गर्भपेशींवर. सगळ्यांना एकच अट आहे: स्नायूत द्यायच्या एका डोसात किमान २.५ आययू (औषधाची ताकद मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक) ताकद. परिणामाच्या दृष्टीने यातली एक निवडून दुसरी टाळावी असं काही नाही. अर्धा कोर्स एका कंपनीचा झाला आणि पुढे ती मिळेना, तर दुसऱ्या कंपनीची घेऊन तारीख पाळावी. ब्रँडसाठी तारीख चुकवणं मूर्खपणाचं.

फरक पडतो तो कुपीच्या आकाराने. अभयरॅब आणि इंदिरॅब अर्ध्या मिलीच्या, रॅबिव्हॅक्स-एस आणि चिरोरॅब एक मिलीच्या. स्नायूत घ्यायची असेल तर पूर्ण कुपी म्हणजे एक डोस. पाच डोस: ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. पहिलं इंजेक्शन ज्या दिवशी घेतलं तो शून्यावा दिवस, चावला तो नव्हे. सरकारी रुग्णालयात लस कातडीत देतात: दोन्ही दंडांवर ०.१ मिली, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. चौदाव्या दिवसाचा डोस इथे नसतो, त्यामुळे कुणी विसरलं असं समजून भांडू नका. पूर्ण कोर्सला ०.८ मिली लस पुरते, परिणाम तितकाच मिळतो. खासगी दवाखान्यात स्नायूतली देतात याचं कारण साधं आहे. उघडलेली कुपी थंडीत ठेवून सहा ते आठ तासांत संपवावी लागते आणि तेवढ्या वेळात चार-पाच पेशंट आले नाहीत तर उरलेली फेकावी लागते. मधेच पद्धत बदलणं टाळावं. ज्या पद्धतीने सुरू केली तिनेच पूर्ण करावी.

कातडीतली लस स्वस्त पडते, पण देणाऱ्याचा हात बसलेला हवा. सुई जवळजवळ आडवी, टोक कातडीच्या वरच्या थरातच. नीट गेली तर लगेच संत्र्याच्या सालीसारखा बारीक खळग्यांचा पांढुरका फुगा दिसतो. फुगा आला नाही म्हणजे लस खाली चरबीत गेली. तो डोस धरायचा नाही, शेजारी पुन्हा द्यायचा. दुसरी चूक सिरिंजच्या खुणांची. इन्सुलिनच्या ४० युनिटवाल्या सिरिंजवर ०.१ मिली म्हणजे ४ खुणा, १०० युनिटवाल्या सिरिंजवर १० खुणा. दोन्ही सिरिंज एकाच ट्रेमध्ये असल्या आणि नर्सबाई घाईत असल्या तर निम्म्याहून कमी लस जाऊ शकते. ‘सिस्टर, ही चाळीसची आहे का शंभरची?’ एवढं विचारलं तर कुणी रागावत नाही. रागावलं तर रागावू दे.

कमरेत लस घेऊ नका. तिथे चरबी जास्त, लस नीट शोषली जात नाही. मोठ्यांना दंडात, दोन वर्षांखालच्या बाळांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला. गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या बायकांनाही लस आणि सिरम दोन्ही देतात. आणि पोटात चौदा इंजेक्शनं हा प्रकार संपून जमाना झाला. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती जुनी लस भारतात २००४ नंतर वापरात नाही, तरी तिच्या धाकाने घरी बसणारे अजून भेटतात.

सिरम, खरी गोष्ट इथे आहे

लस घेतल्यावर शरीर स्वतःच्या अँटिबॉडी बनवायला साधारण एक ते दोन आठवडे घेतं. विषाणू त्या काळात जखमेजवळच्या स्नायूतून मज्जातंतूत शिरू पाहतो. सिरम म्हणजे बाहेरून आणलेल्या तयार अँटिबॉडी, जखमेतच त्याला निकामी करायला. एकदा विषाणू मज्जातंतूत शिरला की सिरमचा काही उपयोग उरत नाही. चेहरा, मान, हाताची बोटं इथल्या चाव्यांना घाई जास्त, कारण तिथे मज्जातंतू दाट असतात, आणि चेहरा-मानेपासून मेंदूही जवळ असतो.

तीन प्रकार मिळतात.

घोड्याचं सिरम सगळ्यात स्वस्त आणि सरकारी रुग्णालयात मिळतं ते बहुधा हेच. मात्रा वजनाच्या किलोमागे ४० आययू, जास्तीत जास्त ३००० आययू. बहुतेक कुप्या पाच मिलीच्या असतात आणि लेबलवर १५०० आययू म्हणजे मिलीला ३०० आययू लिहिलेलं असतं. साठ किलोच्या माणसाला २४०० आययू, म्हणजे ८ मिली, म्हणजे दोन कुप्या उघडाव्या लागतात. एकच कुपी टोचून पाठवलं गेलं तर हिशेब विचारा. मिलीला २०० आययू लिहिलेली कुपी हाती आली तर त्याच माणसाला १२ मिली लागेल, म्हणून लेबल वाचल्याशिवाय हिशेब करायचा नाही. घोड्याचं प्रथिन असल्याने क्वचित तीव्र ॲलर्जी येऊ शकते. त्यासाठी अॅड्रिनालिन हे ॲलर्जी उतरवणारं इंजेक्शन हाताशी ठेवून देतात आणि पेशंटला थांबवून घेतात. आधी कातडीवर चाचणी घेऊन काही कळत नाही, जागतिक आरोग्य संघटनाही ती सुचवत नाही. चाचणीत लाल झालं म्हणून सिरम नाकारणं ही जिवावर बेतणारी चूक ठरू शकते. आठवड्याभराने अंगावर पुरळ, सांधेदुखी, ताप आला तर तेही याच सिरममुळे असू शकतं. ते औषधाने जातं.

माणसाचं सिरम किलोमागे २० आययू, जास्तीत जास्त १५०० आययू. ॲलर्जीची भीती कमी. अडचण किमतीची. साधारण ३०० आययूच्या दोन मिलीच्या कुप्या मिळतात, साठ किलोला चार लागतात आणि एकेक कुपी हजारांत जाते. घोड्याचं सिरम नीट दिलं तर तेही जीव वाचवतं, त्यामुळे ऐपत नसताना कर्ज काढून हे घेण्याची गरज नाही. चार तास फिरून माणसाचं शोधण्यापेक्षा समोर असलेलं घोड्याचं घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तिसरा प्रकार मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे प्रयोगशाळेत पेशींकडून बनवून घेतलेली. सिरम इन्स्टिट्यूटचं रॅबिशिल्ड २०१७ मध्ये बाजारात आलं. मात्रा किलोमागे ३.३३ आययू. त्याच्या दोन कुप्या आहेत, दोन्ही अडीच मिलीच्या: एक १०० आययूची, दुसरी २५० आययूची. साठ किलोला २०० आययू, म्हणजे मोठ्या कुपीतले फक्त २ मिली. बोटावरच्या चाव्याला हे वरदान आहे, कारण बोटाच्या पेरात आठ मिली कुठे मावणार? मांडी-पोटरीवर पाच-सहा जखमा असतील तर मात्र दोन मिली सगळीकडे पुरवताना नाकी नऊ येतात. तेव्हा नॉर्मल सलाइनने वाढवून घेतात. झायडसचं ट्विनरॅब दोन अँटिबॉडींचं मिश्रण आहे, मात्रा किलोमागे ४० आययू. रॅबिशिल्डमध्ये एकच अँटिबॉडी आहे, ती विषाणूच्या एकाच ठिकाणी चिकटते. ट्विनरॅबच्या दोन वेगवेगळ्या ठिकाणी चिकटतात. जंगली प्राण्याच्या चाव्यात विषाणू नेहमीचाच असेल असं गृहीत न धरता दोन अँटिबॉडीवालं पसंत करावं, हे तर्काला धरून आहे. पण दोन्ही उपलब्ध असतील तेव्हाची ही निवड. एकच असेल तर तेच.

तीन औषधांच्या मात्रा इतक्या वेगळ्या आहेत की एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर गोंधळ होतो. पेशंटचं वजन काट्यावर घेतलं का, की अंदाजाने लिहिलं, एवढं जरूर पाहा.

देण्याची पद्धत औषधाइतकीच महत्त्वाची. सिरम जखमेत आणि जखमेच्या कडेने सोडायचं. प्रत्येक दातखुणेत, बारीक दिसणाऱ्यातही. दुखतं. लोक दंडात किंवा कमरेत मागतात आणि कधी कधी मिळतंही. तसं दिलेलं सिरम जखमेपर्यंत पुरेसं पोचत नाही. जखमेभोवती सोडून उरलेलं दुसरीकडे टोचायची पूर्वी पद्धत होती, आता त्याची गरज मानत नाहीत. बोटाच्या टोकाला देताना सुई बारीक हवी आणि हात सावकाश. पेर पांढरं पडून टणक झालं की थांबायचं, आणखी दाबलं तर रक्तपुरवठा अडतो. लस आणि सिरम एका सिरिंजमध्ये कधीच नाही, एका जागीही नाही. दंडावरच चावा असेल तर लस दुसऱ्या दंडात किंवा मांडीत.

सिरम पहिल्या लशीबरोबरच, त्याच दिवशी. त्या दिवशी नाहीच मिळालं तर पहिल्या डोसापासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं. त्यानंतर देत नाहीत, कारण तोवर शरीराच्या स्वतःच्या अँटिबॉडी यायला लागतात. उलट चावून महिना झाला आणि लस सुरूच केली नसेल, तर आज लस आणि आजच सिरम. उशीर झाला म्हणून सोडून द्यायचं नसतं. रेबीजची लक्षणं बहुधा एक ते तीन महिन्यांत दिसतात, क्वचित वर्ष उलटूनही. दिसल्यावर उपाय नाही.

कुठे मिळतं, काय बघायचं

प्राथमिक आरोग्य केंद्रात लस असते, सिरम असेलच असं नाही. तेव्हा धुणं आणि पहिली लस जवळच्या केंद्रात उरकून, चिठ्ठी घेऊन थेट ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, नाहीतर सिव्हिल गाठावं. निघण्याआधी फोन करून ‘एआरएस (अँटी-रेबीज सिरम) आहे का’ हेच शब्द विचारावेत. ‘रेबीजचं इंजेक्शन आहे का’ असं विचारलं तर पलीकडचा माणूस लस आहे म्हणून ‘हो’ म्हणतो आणि पन्नास किलोमीटर फुकट जातात. सरकारी रुग्णालयात दोन्ही मोफत आहेत.

मेडिकलमधून घेताना बर्फाच्या पिशवीसकट घ्यायची. लस आणि सिरम २ ते ८ अंशांत ठेवायचे असतात आणि गोठलेलं सिरम वापरायचं नसतं, त्यामुळे कुपी बर्फाला चिकटवू नका, मधे कागद ठेवा. बॅच, मुदत आणि छापील किंमत असलेलं बिल मागा. २०२५ मध्ये अभयरॅबच्या नावाने बनावट बॅच सापडल्याचं खुद्द कंपनीने कळवलं होतं. अनोळखी विक्रेत्याकडून ऑनलाइन स्वस्तात मिळणारी रेबीजची लस म्हणजे पैसे देऊन विकतचा धोका.

घरातला पाळीव कुत्रा मुंगूस-कोल्ह्याशी झटापट करून आला तर त्याच्या जखमाही हातमोजे घालून साबणाने धुवा आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. वार्षिक लस चालू असली तरी बूस्टर लागतो. कोल्हा गाय-म्हशीला चावला तर जनावर वेगळं बांधा, तोंडात हात घालू नका. ‘घशात काहीतरी अडकलंय’ म्हणून लाळ गाळणाऱ्या म्हशीच्या तोंडात हात घालणारे सर्रास दिसतात, आणि ती लाळ रेबीजची असू शकते. अशा जनावराचं दूध टाकून द्यावं. उकळलेलं दूध किंवा त्याचा चहा आधी पोटात गेला असला तरी त्याने रेबीज होत नाही, त्यासाठी अख्ख्या गावाने लशीला रांग लावायची गरज नसते. अशा रांगेत साठा संपतो आणि ज्याला खरंच चावलंय तो परत जातो.

संशयित प्राणी पकडायला किंवा मारायला जाऊ नका, दुसरा चावा तिथेच बसतो. मुंगूस आणि कोल्हा कायद्याने संरक्षितही आहेत. महाराष्ट्रात वनविभागाचा क्रमांक १९२६ आहे. मेलेला सापडला तर उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्यांना जवळ येऊ देऊ नका, पुरण्या-जाळण्याआधी वनविभागाला कळवा. तपासणी मेंदूच्या ताज्या नमुन्यावर होते, प्राणी कुजला की नमुना वाया जातो. तपासणीच्या निकालासाठी उपचार मात्र थांबवायचे नाहीत.

ज्यांचा या प्राण्यांशी रोजचा संबंध आहे, म्हणजे वनरक्षक, प्राणी वाचवणारे कार्यकर्ते, पशुवैद्य, त्यांनी चावण्याआधीच लस घेऊन ठेवावी: ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. नंतर कधी चावलं तर ० आणि ३ या दोनच दिवशी बूस्टर लागतात आणि सिरम लागतच नाही. पूर्वी चावल्यानंतरचा पूर्ण कोर्स झालेल्यांनाही हाच नियम, मात्र त्याचं कार्ड दाखवता आलं पाहिजे. कार्ड हरवलं की डॉक्टर पुन्हा सिरमपासून सुरू करतात, आणि ते बरोबरच करतात. त्याचा फोटो मोबाइलमध्ये आणि घरच्या आणखी एकाकडे ठेवा.